टोमॅटोवर बारीक पांढऱ्या माश्या: आधी पान उलटून बघा

तुम्ही विचारलंय की कुंडीतल्या टोमॅटोला हात लागला की बारीक माश्या उडतात, साबणाचं पाणी मारलं तरी दोन दिवसांत परत तेवढ्याच दिसतात, आता काय करायचं? मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या ग्रिलमध्ये गेली सहा वर्षं टोमॅटो लावते. यापायी एका हंगामात चारही झाडं गमावली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माश्या मातीतून उठतात की पानांतून, हे आधी बघा. मातीवर काळपट चिलटं घुटमळत असतील तर पाणी जास्त होतंय. वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा, दोन दिवसांत अळ्या तिच्याखाली जमतात. चकतीसकट फेकून द्या. मोठ्या झाडाला चिलटांचा फारसा त्रास नसतो.

पानातून पांढरा भुगा उडावा तशा उडत असतील आणि मिनिटभरात परत तिथेच बसत असतील, तर ती पांढरी माशी. एक पान हलक्या हाताने उलटा आणि मोबाईलचा टॉर्च लावा. शिरांच्या कडेने मोहरीहून कितीतरी लहान, चपटे, फिक्कट पिवळे ठिपके चिकटलेले दिसतील. ती तिची पिल्लं. ती एका जागी बसून रस शोषतात. त्यांच्या अंगातून गोड चिकटा गळतो, म्हणून खालची पानं बोटाला चिकट लागतात, मुंग्या चढतात आणि पुढे पानांवर काजळी धरते.

तुमचं साबणाचं पाणी वाया गेलं ते इथेच. साबण ज्या किड्याला लागतो तोच मरतो. वरून फवारलं की माश्या उडून जातात, खालची पिल्लं कोरडी राहतात आणि अंडी तर तशीच. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे पुरतात. त्यामुळे एकदा फवारून भागत नाही. दर पाच दिवसांनी, निदान चार-पाच वेळा.

मी एक लिटर कोमट पाण्यात आधी भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब ढवळते, मग 5 मिली कडुनिंबाचं तेल घालून बाटली जोरात हलवते. तेल वर तरंगत राहिलं तर पानं करपतात. कपड्यांची पावडर अजिबात वापरू नका. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. फवारणी ऊन उतरल्यावर, डाव्या तळव्यावर पान उलटं धरून. वेळ लागतो, पण नेम पानाच्या पाठीवरच हवा. बाटलीत उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

सोबत पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून झाडाच्या शेंड्याजवळ टांगा. माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते. रोज किती चिकटल्या ते मोजलं की फवारणीचा गुण येतोय का तेही कळतं. शेजारच्या जास्वंदीची, वांग्याची, मिरचीचीही पानं उलटून बघा. आमच्याकडे माशी शेजारच्या काकूंच्या जास्वंदीवरून येत होती. दोघींनी एकाच दिवशी फवारायला लागल्यावर फरक पडला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रस शोषण्यापेक्षा ही माशी पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते, ते नुकसान मोठं. शेंड्याची पानं लहान होऊन वाटीसारखी वर वळली, कडा पिवळ्या पडल्या, झाड खुजं राहून फुलं गळायला लागली, तर त्यावर औषध नाही. माझ्या पहिल्या झाडाला असं झालं तेव्हा फुलं होती म्हणून उपटवेना. दोन आठवडे थांबले आणि बाकीची तीनही तशीच वळली. तुम्ही थांबू नका. आधी फवारून माश्या मारा, मग झाड पिशवीत बांधून टाका. कुंडीतली माती फेकायची गरज नाही, हा विषाणू मातीतून लागत नाही.

नवीन रोप लावाल तेव्हा पहिला महिनाभर त्यावर जुन्या मलमलच्या धोतराचं कापड चार काड्यांवर ताणून ठेवा, कडा मातीत खोचून. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून ही माशी आत जाते. फुलं धरली की कापड काढा.