वाचक विचारतात, संपादक सांगतात

प्रश्न : न्यूयॉर्कच्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) वृत्तपत्रांची मायदेशाच्या राजकारणाशी नाळ किती घट्ट होती? एखाद्या पत्राची बाजू ओळखायची कशी?

उत्तर : आधी मायदेश कोणता ते ठरवा. बहुतेक वाचक झारच्या साम्राज्यातून आलेले. पुढे त्यात पॅलेस्टाइनची भर पडली. 'फॉरवर्ट्स' हे न्यूयॉर्कचं समाजवादी यिडिश दैनिक १८९७ सालचं, आणि ज्यू कामगारांचा 'बुंड' पक्षही त्याच वर्षी विल्नात (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) स्थापन झाला. 'फॉरवर्ट्स'चे संपादक अब्राहम काहान स्वतः १८८२ मध्ये रशियातून निसटून आलेले. झारवरचा राग इतका, की पहिल्या महायुद्धात सुरुवातीला अनेक यिडिश पत्रांचा कल जर्मनीकडे होता. मार्च १९१७ मध्ये झार गेला आणि ते कारणच उरलं नाही.

बाजू ओळखायला मथळ्यांपेक्षा तारखा पाहा. ऑगस्ट १९२९ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉन शहरात अरब जमावानं ज्यूंचं हत्याकांड केलं, त्या वेळचे अंक काढा. कम्युनिस्ट 'फ्रायहाइट'नं आधी त्याला पोग्रोम (ज्यूंवरचा सामूहिक हिंसक हल्ला) म्हटलं. काही दिवसांतच पवित्रा बदलून तो साम्राज्यवादाविरुद्धचा अरब उठाव ठरवला. लेइविक, राइझेन यांसारखे लेखक बाहेर पडले. 'फॉरवर्ट्स' समाजवादीच, पण १९२५ मधल्या काहानांच्या पॅलेस्टाइन भेटीनंतर झिओनिझमविषयी (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारण्याची चळवळ) मवाळ झालेलं.

एक सावधगिरी : ऑक्टोबर १९१७ च्या अमेरिकी कायद्यानं परभाषी पत्रांना सरकार व युद्धाविषयीच्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर टपालखात्याकडे द्यावं लागे. त्या काळातला सौम्य सूर म्हणजे मतपरिवर्तन, असं लगेच धरू नका. स्वस्त टपालदराची सवलत गेली तर अंक पोचवणंच महाग पडे.