वाचक विचारतात : खाडीवरचे पक्षी आणि पंचांग

प्रश्न : जानेवारीत पंचमीला आम्ही तिघे कोल्हापुरातून रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीवर गेलो. दहाला पोहोचलो तर नुसता गाळ, आणि पक्षी म्हणजे लांबवर ठिपके. अकरानंतर तेही उन्हात थरथरू लागले. चुकलं कुठे? (वाचक, राजारामपुरी)

उत्तर : जागा बरोबर होती, तिथी चुकली. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. भरती पहाटे आणि दुपारी पावणेचारला, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमाराला. तुम्ही नेमके तेव्हाच पोहोचलात. पाणी उतरतं तसे हे पक्षी ओल्या कडेने किडे-कृमी टिपत लांब जातात.

आपल्याला पाणी चढताना तिथे असायला हवं. आंबा घाटाने साधारण १३० किलोमीटर. पहाटे ५ ला निघालात तर साडेआठपर्यंत पोहोचाल. तेव्हा भरती ११ ते १२ दरम्यानची धरा, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या (१५ ची पाऊणपट सव्वाअकरा). नऊपासून पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे रेटत आणतं. हिशेब अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून भरतीचं कोष्टक पाहूनच गाडी काढा. रविवार सापडला तर नशीब! सकाळी ऊन पाठीमागे हवं, तेव्हा पश्चिमेकडे तोंड होईल असा काठ निवडा.

एक सावधगिरी. या दिवशी उधाण असतं आणि पाणी आधी मागच्या ओहोळांतून भरतं. समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर चालत गेलात तर परतीची वाट बुडते. शिवाय भरतीला थवे तिथेच विसावतात, त्यांना उडवू नका. गमबूट गाळात रुतून बसतात, चपलेत कालवांच्या शिंपल्या पाय कापतात. जुने लेसचे कॅनव्हास बूट बरे.

प्रश्न : सगळे करडे-तपकिरीच दिसतात. ओळखायचे कसे?

उत्तर : रंग सोडा, चाल पाहा. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतवार शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत काठाने फिरतो. पंखापुढे खांद्याशी पांढरी पाचर दिसते. टिलव्यांत (लांब पायांच्या, लांब चोचीच्या चिखलपक्ष्यांत) लाल पायांचा रेडशँक उडाला की पंखांची मागची कड पांढरीशुभ्र दिसते. ग्रीनशँकचे पंख मात्र सबंध गडद, चोच किंचित वर वळलेली. पायांच्या रंगावर एकदम विसंबू नका, गाळाने माखले की सगळेच काळे. पक्षी पाण्यात शिरून धुऊन निघेपर्यंत थांबा. सरावाला कळंब्याचा तलाव आहेच : उन्हाळ्याकडे पाणी हटलं की काठच्या चिखलात शेकाट्या आणि तुतवार पाहा.

प्रश्न : दुर्बीण पुरते की स्कोप (एका नळीची मोठी दुर्बीण) हवाच?

उत्तर : चढत्या पाण्याला ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. स्कोप नेलात तर २०-३० पटीवरच ठेवा. ऊन तापल्यावर ६० पटीत पक्षी नव्हे, तापलेली हवाच मोठी दिसते. तिकाटण्याचे (ट्रायपॉडचे) पाय आखूड ठेवून बसून पाहा, वाऱ्याने हलणार नाही.