जहाजांच्या आवाजाचा समुद्रातल्या जिवांना खरंच त्रास होतो का?

होतो, आणि चांगलाच. सांगलीत कृष्णेवर पोहायला शिकताना आमचा एक खेळ असायचा: एकाने पाण्याखाली दोन दगड ठोकायचे, लांबच्याने बुडी मारून ऐकायचं. टकटक अगदी कानाशी! पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. जहाजाच्या पंख्याभोवती बुडबुडे होऊन फुटतात, त्याची घरघर मैलोन् मैल पसरते. मोठे देवमासे त्याच खालच्या पट्टीत हाका मारतात, त्या बुडून जातात. (मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेसमोर बोलून बघा.) सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं रोडावली, आवाज ६ डेसिबलने उतरला, तेव्हा तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही घटलेली आढळली. जहाजं सावकाश चालवली तरी बऱ्याचदा आवाज कमी होतो.