साक्षीदाराचे प्रत्यर्पण, आणि एक आगंतुक काना

कॅनडातील सायप्रस हिल्स येथे १८७३ मध्ये झालेल्या हत्याकांडावरील एका अनुवादित मजकुरात 'नाखूश साक्षीदारांचे अमेरिकेकडून प्रत्यार्पण मागण्यात आले' असे वाक्य वाचून, हा प्रयोग योग्य आहे काय, असे एका वाचकांनी विचारले आहे.

आधी त्या कान्याचे पाहू. प्रति आणि अक्ष मिळून 'प्रत्यक्ष' होते, तसेच प्रति आणि अर्पण मिळून 'प्रत्यर्पण'. 'प्रत्याक्ष' कोणी लिहीत नाही. मग हा काना रोज छापून कसा येतो? माझा संशय 'प्रत्यारोपणा'वर आहे. तेथे मूळ शब्दच 'आरोपण' असल्याने काना हक्काचा आहे. मूत्रपिंडाच्या बातम्यांना सरावलेला हात फरारी आरोपीलाही तो बहाल करतो. 'प्रत्यार्पण' आता रूढ झाले, असे म्हणणाऱ्यांनी 'प्रत्याक्ष'ही रूढ करून दाखवावे.

खरी गंमत शब्दाच्या अर्थामध्ये आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलीला सासरी धाडून कण्व म्हणतात की, माझा अंतरात्मा 'प्रत्यर्पितन्यास इव', म्हणजे ठेव परत केल्यासारखा, निश्चिंत झाला आहे. कन्या हे परक्याचे धन, ही कल्पना आज कोणाला रुचू नये. पण ठेव ज्याची त्याला परत, हा भाव 'प्रत्यर्पण' या शब्दात तेव्हापासून मुरलेला आहे. म्हणूनच त्याऐवजी 'हस्तांतरण' सुचवणाऱ्या विद्वानांशी माझे जमत नाही. हस्तांतरण सातबाऱ्यावरच्या जमिनीचे होते. त्यात 'परत' कोठे आहे?

आता साक्षीदार. कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होता. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या १८४२ च्या तहाच्या दहाव्या कलमात खून, दरोडा, जाळपोळ असे मोजके सात गुन्हे होते, आणि परत मागता येत होते ते त्यांचा आरोप असलेले लोक. साक्षीदारावर आरोपच नसतो. तो कोणाची ठेव नव्हे. जून १८७३ मध्ये सायप्रस हिल्समध्ये, म्हणजे कॅनडाच्या हद्दीत, असिनिबॉइन या मूळनिवासी लोकांची कत्तल झाली, तिच्याबद्दल १८७५ मध्ये अमेरिकेच्या मोंटानातील हेलेना येथे जी सुनावणी झाली, तीही आरोपींच्याच प्रत्यर्पणासाठी होती. मुख्य भिस्त एबेल फार्वेल या व्यापाऱ्याच्या साक्षीवर होती, गावाची सहानुभूती आरोपींकडे होती, आणि ते सुटले. पुढे कॅनडातच हाती लागलेल्या तिघांवर १८७६ मध्ये विनिपेगला खटला चालला. तेही पुराव्याअभावी निर्दोष ठरले.

साक्षीदाराला समन्स निघते. पण ते काढणाऱ्या न्यायालयाचा हुकूम सीमेपलीकडे चालत नाही. त्या वाक्यात 'आरोपींचे प्रत्यर्पण' हवे. साक्षीदारच अभिप्रेत असतील, तर 'साक्षीसाठी पाठवण्याची विनंती' एवढेच लिहावे.