मागं टिनं, पुढं स्लॅब: घराचा विमा कोणाकडं काढू?

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं घर गावठाणात हाय, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब अन् मागं टिनं. उन्हाळ्यातल्या वादळात शेजाऱ्याची टिनं उडून वावरात जाऊन पडली, तेव्हापासून घरच्यांनी धोशा लावला की घराचा अन् सामानाचा विमा काढा. एक एजंट येऊन गेला, बँकेतूनही फोन येते. कोणत्या कंपनीवर भरोसा ठेवावा, मले काही समजून नाही राहिलं.
(एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, बरं झालं विचारलंत. आधी हे ऐका, 1 एप्रिल 2021 पासून घराच्या विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरलेली पॉलिसी आहे, विमा नियामकानंच तिचा मजकूर ठरवून दिलाय, म्हणून मूळ कव्हर सगळीकडं सारखंच. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप हे सगळं त्यात येतं. त्यामुळं एजंट म्हणला की आमच्याच कंपनीत वादळ कव्हर आहे, तर ऐकून सोडून द्या. फरक पडतो तो प्रीमियमचा आणि क्लेमच्या वेळी कंपनी कशी वागते त्याचा. क्लेमचे आकडे कंपन्यांच्या वेबसाइटवर असतात, पण त्यात गाड्यांचा अन् दवाखान्याचाच भरणा जास्त, घराचं त्यातून फारसं कळत नाही. त्यापेक्षा यवतमाळात त्यांचं ऑफिस आहे का, नुकसान झालं तर सर्व्हेअर (नुकसान पाहून अंदाज काढणारा माणूस) कुठून येणार, आणि तालुक्यात कोणाला खरंच पैसे मिळाले का, हे विचारा, मी तर त्या माणसाला जाऊन भेटाच म्हणते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मावशीच्या घराचा फॉर्म एजंटनंच भरला, छताच्या रकान्यात सरळ 'स्लॅब' लिहून दिलं, मावशीनं सही केली, अन् टिनं उडाली तेव्हा सर्व्हेअरनं तेच बोट ठेवलं, मावशी वर्षभर चकरा मारत राहिली. म्हणून फॉर्म तुम्ही स्वतः भरा, भिंती कशाच्या, छत कशाचं, जे आहे तेच लिहा, आणि भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवा. जो एजंट टिनं लपवायला सांगतो त्याच्याकडून घेऊच नका.

विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत धरत नाहीत. समजा 600 चौरस फूट कार्पेट एरिया (भिंती सोडून आतली जागा) अन् फुटाला 1500 रुपये, तर 9 लाख. सामानाला आपोआप त्याच्या 20 टक्के कव्हर मिळतं म्हणजे 1 लाख 80 हजार (जास्तीत जास्त 10 लाख), जास्त हवं तर यादी देऊन वाढवून घ्या. कंपाउंड वॉल, पाण्याची पक्की टाकी, गोबर गॅस हेही घराच्या बांधकामात धरतात, गोठ्याचं मात्र लेखी विचारून घ्या.

नगदी पैसा यात येत नाही. दागिन्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागते. अन् भाव वाढेल म्हणून खोलीत भरून ठेवलेला कापूस हे घरगुती सामान नाही, आपल्याकडं ही चूक फार होते! त्याचा विमा वेगळा. साधी चोरीही यात नाही, आग-पुरासारख्या घटनेनंतर 7 दिवसांत त्यामुळंच झालेली चोरी तेवढी धरतात.

बँकवाल्यांना एकच विचारा, विमा कर्जापुरताच आहे की सामानासकट पूर्ण घराचा. पैसे कंपनीच्याच नावानं भरा, एजंटच्या फोन-पेवर नको, कारण कंपनीकडं प्रीमियम पोचल्याशिवाय कव्हर चालू होत नाही.

नुकसान झालंच तर आधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, तलाठ्याचा पंचनामा घ्या, मग दुरुस्ती. कंपनीला लेखी तक्रार देऊनही महिनाभर दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडं (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाता येते, आपल्या विदर्भाचं काम पुण्याच्या ऑफिसात चालते आणि फी लागत नाही. अन् टिनांचे, आतल्या सामानाचे फोटो आजच काढा, फ्रिज-टीव्हीच्या पावत्या सोबत ठेवा, अन् एक कॉपी गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून द्या, घरासोबत कागदं भिजली तर तीच कामी येते.