“त्या मॅडम कशा आहेत, सर?”

जूनचा शेवटचा आठवडा होता. दुसऱ्या वर्षाला मुख्य विषय कोणता ठेवायचा, हे पक्कं करायला मुलांच्या हातात दोन दिवस उरले होते. महाविद्यालयातल्या माझ्या समुपदेशकाच्या खोलीत एक मुलगी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “सर, मला अर्थशास्त्र सोडायचंय. राज्यशास्त्र घेते.”

पहिल्या वर्षी तिला सर्वांत जास्त गुण अर्थशास्त्रातच होते. कारण विचारल्यावर तिने पिशवीतून वहीचा एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राबरोबर सांख्यिकीचा पेपर येतो आणि दोन्ही एकच मॅडम शिकवतात. त्या मॅडमबद्दल सीनियर मुलामुलींना विचारून तिने प्रत्येकाचं म्हणणं लिहून आणलं होतं. वाईट मतं लाल शाईने, बरी निळ्या शाईने. एकूण चौदा मतं होती आणि त्यांत निळी फक्त तीन.

‘फार कडक आहेत.’ ‘मुद्दाम नापास करतात.’ ‘पार्शल आहेत.’ ‘मराठी मीडियमवाल्यांचं काही खरं नाही.’ ‘फळ्याशीच बोलतात.’ ‘त्यांच्यामुळे मला सांख्यिकी कळलं.’ ‘प्रश्न विचारू नकोस, सगळ्यांसमोर बोलतात.’

(तिच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

या एका प्रश्नासाठी दर वर्षी इतकी मुलं येतात, की तो सविस्तर लिहावा असं बरेच दिवस मनात होतं. सर कसे आहेत, मॅडम कशा आहेत, सगळे असं म्हणतात मग मी काय करू? पालकही विचारतात, “वर्ग बदलून मिळेल का?” अशा वेळी बहुतेक मोठी माणसं एकच सांगतात की लोकांचं ऐकू नकोस, अभ्यास कर. मीही त्या दिवशी आधी तेच म्हणालो. तिने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि उठायला लागली. माझं चुकलं होतं. चौदा जणांना गाठून, दोन रंगांत लिहून आणलेला कागद मी न वाचताच बाजूला सारला होता. मग मी तिला थांबवलं आणि म्हणालो, “चल, एकेक ओळ बघू.”

प्रत्येक ओळीला आम्ही दोनच प्रश्न लावले. हे सांगणारा त्या वर्गात स्वतः बसला होता का? आणि नेमकं काय घडलं होतं?

सुरुवातीला तिला कंटाळा आला. मग तीच पटापट सांगायला लागली. “हा वर्गात नव्हता, त्याची बहीण होती.” “ही कॉमर्सची आहे, हिने नुसतं ऐकलंय.” अशी पाच मतं निघाली. मी ती खोडली नाहीत, त्यांच्यापुढे फक्त ‘ऐकीव’ असं लिहायला सांगितलं.

खरी गंमत पुढच्या सहा मतांत निघाली. ‘मुद्दाम नापास करतात’, ‘पार्शल आहेत’, ‘पेपर बघतच नाहीत’ ही वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी वाक्यं. दोघांना तिने तिथूनच फोन लावला, बाकीच्यांचं तिला आठवत होतं. सहाही जण एकाच दिवसाबद्दल बोलत होते. दोन वर्षांपूर्वीच्या एका अंतर्गत चाचणीत पुष्कळ मुलांनी पायऱ्या न लिहिता नुसती उत्तरं लिहिली होती आणि मॅडमनी त्यांचे गुण कापले होते. ज्यांनी पायऱ्या लिहिल्या त्यांना गुण मिळाले, म्हणून ‘पार्शल’. बरेच जण त्या चाचणीत गेले, म्हणून ‘मुद्दाम नापास करतात’. एकाच घटनेची सहा तोंडं होती आणि कागदावर ती सहा साक्षीदारांसारखी उभी होती.

तिने पेन खाली ठेवलं. “म्हणजे हे एकच मत झालं ना, सर?”

सांख्यिकी न शिकताच ती सांख्यिकीतली एक मोठी गोष्ट बोलून गेली होती. एकमेकांवर अवलंबून असलेली निरीक्षणं वेगवेगळी मोजायची नसतात.

उरली तीन मतं. तिन्ही वर्गात रोज बसलेल्यांची. एक जण म्हणत होता, मॅडम फार वेगाने शिकवतात आणि उतरवून व्हायच्या आत फळा पुसतात. दुसरी म्हणत होती, वर्गात प्रश्न विचारला की ‘हे दहावीत झालंय’ असं म्हणून पुढे जातात, पण दुपारी स्टाफरूममध्ये गेलं तर अर्धा तास बसून समजावतात. तिसरी म्हणत होती, मराठी माध्यमाच्या मुलांना त्या एकदा ‘तुम्हाला जड जाणार’ म्हणाल्या होत्या.

या तीन ओळींमधून मला त्या शिक्षिका दिसायला लागल्या. आधीच्या अकरा ओळींमधून दिसत नव्हत्या. ‘कडक’, ‘खडूस’, ‘भारी’, ‘एक नंबर’ ही विशेषणं आहेत. ती सांगणाऱ्याला कसं वाटलं, एवढंच कळवतात. फळा पुसतात, दुपारी बसतात, अमुक म्हणाल्या, ही क्रियापदं आहेत. त्यांवरून आपल्याला काय करता येईल ते ठरवता येतं. तेव्हापासून मत घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच म्हणतो, की विशेषण राहू दे, क्रियापद सांग.

मतं कितपत भरवशाची असतात, यावर परदेशात बरंच काम झालं आहे. हे मी तिला तेव्हा ऐकवलं नाही, कारण घाबरलेल्या मुलाला संशोधन ऐकवून काही होत नाही. पण वाचणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात अर्थशास्त्र आणि व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांचं केलेलं मूल्यमापन तपासलं गेलं. जवळजवळ वीस हजार मूल्यमापनं होती आणि अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता शिक्षक मिळणार, हे तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरत होतं, म्हणून तुलना सरळ होती. शिक्षिकांना त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी गुण मिळत होते, विशेषतः मुलग्यांकडून. तरुण शिक्षिकांच्या बाबतीत आणि गणिती विषयांत हा फरक आणखी वाढत होता. विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण आणि घरी अभ्यासाला दिलेले तास मात्र शिक्षक पुरुष की स्त्री यावरून बदलत नव्हते. म्हणजे शिकवण्यात फरक नव्हता, मतात होता. आपल्याकडे ‘सर कडक आहेत’ हे कौतुकाने म्हणतात आणि ‘मॅडम कडक आहेत’ हे तक्रारीच्या सुरात म्हणतात. माझ्या खोलीत मी दोन्ही वाक्यं ऐकतो आणि तो सूर मला दर वेळी टोचतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला, दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा. पहिल्या गणिताच्या पेपरला ज्या शिक्षकांना विद्यार्थ्यांनी चांगलं म्हटलं, त्यांचे विद्यार्थी त्या पेपरात पुढे होते, पण त्यावर आधारलेल्या पुढच्या पेपरांत मागे पडले. शिकतानाची सोय आणि पुढे टिकणारं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. याचा अर्थ जो शिक्षक आवडत नाही तोच चांगला, असा मात्र कोणी घेऊ नये. फळा लवकर पुसणं हा गुण नाही.

आता त्या मुलीकडे येतो. तीन ओळी उरल्या होत्या आणि त्यांतल्या तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं होतं. ‘तुम्हाला जड जाणार.’ मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच सांगायला लागली. आठवीत असताना सरांनी तिला फळ्यावर भागाकार करायला बोलावलं होतं. जमेना. तास संपेपर्यंत तिला तिथेच उभं ठेवलं. पुढच्या बाकावर तिचा चुलत भाऊ बसला होता, त्याने संध्याकाळी घरी सगळ्यांना सांगितलं. दहावीला गणितात ४८ गुण पडले. अकरावीला कला शाखा घेतली ती गणितापासून सुटायला. “आणि आता दुसऱ्या वर्षाला ते परत आलंय, सर.”

भीती मॅडमची नव्हती, त्या फळ्याची होती. चौदा मतं गोळा करताना तिला कोणीतरी ‘नको घेऊस’ म्हणायला हवं होतं, म्हणजे सोडण्याचा निर्णय तिचा एकटीचा राहिला नसता. हे मी तिला सांगितलं नाही, तिनेच त्या दिवशी जाता जाता स्वतःच्या शब्दांत सांगितलं. माझ्या अनुभवात शिक्षकाबद्दल फार कसून चौकशी करणाऱ्या मुलांच्या पाठीमागे बऱ्याचदा असा एखादा जुना फळा उभा असतो.

आम्ही एवढंच ठरवलं की निर्णय दोन दिवसांनी, शेवटच्या तारखेला घ्यायचा. त्याआधी मॅडमच्या एका तासाला मागे बसायचं, एक प्रश्न कागदावर लिहून दुपारी स्टाफरूममध्ये जायचं आणि काय झालं ते क्रियापदांत लिहून आणायचं.

ती गेली. प्रश्न साधा होता: सरासरी काढल्यावर आणखी प्रमाण विचलन कशाला काढायचं? मॅडमनी तिला गाव विचारलं. निफाड भागातलं, घरी कांदा. मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर आकड्यांच्या दोन ओळी लिहिल्या. हे आकडे कल्पून घेतलेले, कांद्याचे क्विंटलमागे पाच दिवसांचे भाव.

पहिली ओळ: १२००, १२१०, ११९०, १२०५, ११९५.
दुसरी ओळ: ८००, १६००, १०००, १४००, १२००.

“सरासरी काढ.” दोन्हींची १२०० आली. “आता तुझे वडील लासलगावला ट्रॅक्टर घेऊन निघालेत. कुठल्या आठवड्यात त्यांना रात्री झोप लागेल?” तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “का?” “दुसरीत काय मिळेल ते सांगता येत नाही.” “हे ‘सांगता येत नाही’ आकड्यात कसं लिहायचं? त्यालाच प्रमाण विचलन म्हणतात.” मग प्रत्येक भावातून सरासरी वजा करणं, वर्ग, बेरीज, पाचने भाग, वर्गमूळ, हे सगळं मॅडमनी तिच्याकडूनच करून घेतलं. पहिल्या ओळीचं उत्तर ७ रुपयांच्या आसपास आलं आणि दुसरीचं २८३. मधे भागाकार आला, तो तिने केला.

तो कागद तिने मला आणून दाखवला. खाली तिने लिहिलं होतं: ‘बसायला खुर्ची दिली. गाव विचारलं. माझ्याकडून करून घेतलं. मधे एकदा म्हणाल्या, एवढं यायला हवं होतं.’ ते शेवटचं वाक्य तिला लागलं होतं आणि तिने ते लाल शाईने लिहिलं होतं. मला ते आवडलं. निळं मिळालं म्हणून तिने लाल लपवलं नाही.

अर्थशास्त्र तिने ठेवलं. पहिल्या अंतर्गत चाचणीत ती नापास झाली, दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही. सत्राच्या शेवटी १०० पैकी ५४ गुण आले. मॅडम आवडतात का, असं मी विचारलं तर म्हणाली, “मॅडम नाही आवडत, सर. विषय आवडतो.” एवढं स्पष्ट उत्तर मला फार थोड्या मुलांनी दिलं आहे.

एक गोष्ट मात्र इथेच वेगळी काढून सांगतो. शिक्षक आवडणं न आवडणं निराळं आणि अपमान, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, अंगचटीला येणं, गुणांची धमकी निराळी. ती मतं नाहीत, त्या तक्रारी आहेत. त्या समुपदेशकाच्या खोलीत विरघळवायच्या नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो आणि निर्णय पटला नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. अशा वेळी मुलाला ‘क्रियापद सांग’ म्हणायचं ते तारीख, वार आणि शब्द नीट लिहून काढण्यासाठी, त्याच्यावर शंका घ्यायला नव्हे. ‘तुम्हाला जड जाणार’ हे वाक्य या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतं, यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. तिला तक्रार करायची नव्हती. पुन्हा तसं काही झालं तर आपण मिळून लिहू, असं ठरलं.

दिवाळीनंतर त्या मॅडम स्वतः माझ्याकडे आल्या. त्या मुलीबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं आणि मीही सांगणार नव्हतो. त्या म्हणाल्या, “वर्षअखेरच्या अभिप्राय-अर्जात माझ्याबद्दल सगळे ‘उत्तम’ लिहितात आणि कॉरिडॉरमध्ये मी आले की गप्प होतात. खरं काय ते मला कळत नाही.” चेहऱ्यावर थकवा होता. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे विचारायला यावं लागतं, याचं मला वाईट वाटलं. ते अर्ज मुलं रोल नंबरच्या धास्तीने भरतात आणि तेही तासिका संपल्यावर, जेव्हा सुधारणा झाली तरी भरणाऱ्याला तिचा उपयोग नसतो.

मी त्यांना म्हणालो, सत्राच्या मधेच विचारा. नाव नाही, गुण देणं नाही. कोरी चिठ्ठी आणि एकच प्रश्न: या महिन्यात तुमचं कुठे सुटलं?

त्यांनी नव्या सत्राच्या सहाव्या आठवड्यात ते केलं. एकसष्ट चिठ्ठ्या आल्या. त्या दुपारी गठ्ठा घेऊन त्या माझ्या टेबलाशी बसल्या आणि एकेक चिठ्ठी वाचत बाजूला ठेवत गेल्या. अडतीस चिठ्ठ्यांवर कमी-अधिक एकच गोष्ट होती: ‘फळा पुसता तेव्हा.’

मागच्या आठवड्यात त्यांच्या वर्गावरून जाताना दार उघडं होतं. फळा सहसंबंधाच्या कोष्टकाने भरलेला होता. मॅडम डस्टर हातात घेऊन उभ्या होत्या आणि शेवटच्या बाकाकडे बघून विचारत होत्या, “झालं का उतरवून?” मागून कोणीतरी म्हणालं, “नाही मॅडम, दोन ओळी राहिल्यात.” त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं.