सीव्ही एका पानाचा की दोन? आणि कव्हर लेटर खरंच कोणी वाचतं का?

तुम्ही लिहिलंय : डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला क्वालिटीत 3 वर्षं, 40 ठिकाणी सीव्ही पाठवला, फोन एकही नाही. 3 वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं. पण फोन येत नाहीत ते पानांमुळे नव्हे.

आपल्याकडे नोकरीचा बायोडेटा आणि लग्नाचा बायोडेटा यांत अजून फारसा फरक पडलेला नाही. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद : क्रिकेट पाहणे. रास आणि मामाचं गाव तेवढं राहिलं. हे सगळं काढा. पूर्ण पत्ताही नको, पण 'तळेगाव' किंवा 'भोसरी' एवढं जरूर लिहा, कारण कंपनीची बस तिकडून जाते का हे एचआर पहिल्यांदा बघतो. सर्वांत वर असतं ते 'करिअर ऑब्जेक्टिव्ह : टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट'. तेही काढा. चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट तिसऱ्या शिफ्टला आपोआप मिळतं.

आता खरा रोग. क्वालिटीवाल्यांच्या जवळपास प्रत्येक सीव्हीत ही ओळ असते : 'रिस्पॉन्सिबल फॉर इनप्रोसेस इन्स्पेक्शन अँड कस्टमर कम्प्लेंट्स.' यातून एवढंच कळतं की माणूस क्वालिटीत आहे, आणि ते वरच्या पदनामातच आलं होतं. या ओळीला चार प्रश्न विचारा. पार्ट कोणता? मशीन कोणतं? मापलं कशानं? तुमच्यामुळे फरक काय पडला?

समजा 32 मिमीचा बोअर (पार्टमधलं भोक) आहे, टॉलरन्स शून्य ते अधिक 25 मायक्रॉन, 4 सीएनसी टर्निंग मशीन, शिफ्टला 450 नग. इन्सर्ट (मशीनमधलं कापणारं टोक) झिजला की बोअर लहान येऊ लागतो आणि रीवर्कचा ढीग लागतो. तुम्ही इन्सर्ट 250 ऐवजी 180 नगांनंतर बदलायला लावला आणि दर 10 नगांना एअर गेजनं (हवेच्या दाबानं भोक मापणारं उपकरण) तपासणी सुरू केली. मग ओळ अशी होते : 'बोअर अंडरसाइझचा रीवर्क 6 महिन्यांत 3.1 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर, इन्सर्ट बदलण्याची वारंवारता 250 वरून 180 नग, दर 10 नगांना एअर गेज.' इंग्रजीत ही दोन ओळींत बसते. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

ही ओळ वाचताना क्वालिटी हेडला मशीन दिसतं. इंटरव्ह्यूत तो विचारणार : 180च का? इन्सर्टचा खर्च वाढला त्याचं काय? उत्तर तुम्हाला पाठ करावं लागत नाही, ते तुमच्या हातून गेलेलं असतं. सीव्ही म्हणजे इंटरव्ह्यूची प्रश्नपत्रिका, आणि ती आपणच काढायची असते.

टक्केवारी ठाऊक नसेल तर रोजच्या रिजेक्शन शीटमध्ये आणि महिन्याच्या रिव्ह्यूत ती असते. तिथंही नसेल तर नग, मशीन आणि गेज यांची संख्या लिहा, टक्के बनवू नका. ग्राहकाचा ड्रॉइंग नंबर आणि पार्टची किंमत मात्र कधीच टाकू नका. समोरचा लगेच ओळखतो की हा आमचंही उद्या बाहेर सांगेल.

'8डी, पीपीएपी, एमएसए, एसपीसी' अशी क्वालिटीतल्या पद्धतींच्या नावांची माळ ओवलेली असते, तिचंही तेच. पीपीएपीच्या (पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची फाइल) सबमिशन लेव्हल 5 असतात आणि वेगळं सांगितलं नसेल तर लेव्हल 3 धरतात, गेज आरअँडआर (मापण्यातच येणाऱ्या फरकाचं प्रमाण) 10 टक्क्यांच्या आत हवा, 30च्या वर गेज नापास. एवढं सांगता येत नसेल तर तो शब्द खोडा. आणि येत असेल तर नुसता शब्द नको. 'लेव्हल 3च्या 4 पीपीएपी फायली तयार केल्या' असं लिहा.

पुढची चूक महाग पडते. ठेकेदाराच्या रोलवर असताना लोक बिनधास्त मोठ्या कंपनीचं नाव टाकतात. ऑफरनंतर पडताळणीत यूएएन (पीएफचा नंबर) मागतात, पीएफच्या नोंदीत ठेकेदाराचं नाव निघतं आणि ऑफर अडकते. पगार कोणी दिला त्याचं नाव आधी लिहा, पुढे 'कामाचं ठिकाण : अमुक कंपनीचा प्लांट'. त्यात कमीपणा काही नाही. तारखा महिन्यासकट लिहा आणि त्या रिलीव्हिंग लेटरशी जुळवून घ्या. मध्ये खंड असेल तर एका ओळीत कारण द्या. '2021–2023' असं मोघम लिहून तो झाकला जात नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. दोन रकान्यांची रंगीत टेम्प्लेट नको, कंपनीचं सीव्ही चाळणारं सॉफ्टवेअर दोन्ही रकान्यांतल्या ओळी एकमेकांत मिसळून वाचू शकतं. 'ऑटोकॅड 80 टक्के' अशा पट्ट्या नकोत. उरलेले 20 टक्के कोणते? छापून मोबाइलनं स्कॅन केलेली पीडीएफ तर अजिबात नको, ते चित्र असतं. तपासायचं सोपं आहे : पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमानं दिसेल, साधारण तेच सॉफ्टवेअरला दिसतं. फाइलच्या नावात तुमचं नाव, पद आणि वर्षं असू द्या. 'न्यू सीव्ही फायनल 2' नावाच्या फायली समोरच्याच्या डाउनलोडमध्ये ढिगानं पडलेल्या असतात.

कव्हर लेटर वेगळी फाइल म्हणून जोडलंत तर बहुतेक वेळा कोणी उघडत नाही. ईमेलचा मजकूर हेच कव्हर लेटर, 120 ते 150 शब्द. शाळेत शिकलेला अर्ज विसरा. 'मी खाली सही करणार सविनय' थाटाचं इंग्रजी अजून येतं. विषयात पद, अनुभव आणि नोटीस पिरियड. पहिल्या वाक्यात कोणतं पद आणि जाहिरात कुठे पाहिली. मग जाहिरातीतल्या दोन गरजा उचलायच्या आणि प्रत्येकीसमोर आपलं एक काम ठेवायचं : 'तुम्हाला सीएमएम चालवणारा हवा आहे, मी 14 महिने रोज सीएमएमवर फर्स्ट पीस अप्रूव्हल देतो.' (सीएमएम म्हणजे पार्टची मापं घेणारं मशीन, फर्स्ट पीस अप्रूव्हल म्हणजे पहिला नग तपासून दिलेली मंजुरी.) शेवटी राहायला कुठे आणि रुजू कधी. नोकरी का सोडताय, जुना साहेब कसा आहे, हे इथे नको.

आता पुरवण्या. सरकारी भरतीत यातलं काही चालत नाही, तिथे नमुन्यातला फॉर्म आणि कागदपत्रं. आखातातल्या नोकरीला एजंट फोटो आणि पासपोर्टचा तपशील मागतात, द्यावा लागतो. जर्मनीत फोटोची पद्धत अजून आहे, सक्ती नाही. 10-12 वर्षांचा अनुभव असेल तर दोन पानं खुशाल घ्या. आणि ओळखीनं जाणारा सीव्ही आधी उघडला जातो हेही खरं, पण त्यातही वरचीच गचाळ ओळ असली तर ओळख देणाऱ्याचीच पंचाईत होते.

एक गोष्ट मात्र राहवत नाही. कॉलेजांचे प्लेसमेंटवाले सर आजही मुलांना शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर दॅट द अबव्ह इन्फर्मेशन इज ट्रू' लिहायला लावतात, खाली स्थळ, दिनांक आणि सहीची रेघ. एका सरांशी माझा यावर किती वेळा वाद झाला, मोजदाद नाही. त्यांचं म्हणणं, 'पद्धत आहे, वजन येतं.' अहो, खोटं लिहिणाराही तेच वाक्य लिहितो! खरं-खोटं कागदपत्रांच्या पडताळणीत कळतं, आणि खोट्या माहितीबद्दलची अट ऑफर लेटरमध्ये असतेच. ते वाक्य, स्थळ, दिनांक आणि सही मिळून एका पानातल्या चार ओळी खातात. सर, हे वाचत असाल तर सांगतो, त्या चार ओळींत एअर गेजवालं काम बसतं आणि नोटीस पिरियडही.